मेथाडोन घरी आणण्याआधी फोन रिकामा करा

धाकट्या भावाला इथल्या, न्यू जर्सीतल्या क्लिनिकने पहिल्यांदा १४ दिवसांचं मेथाडोन, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेचं व्यसन सोडवायला देतात ते औषध, घरी दिलं तेव्हा पेटी, कुलूप, डोस घेतानाचा व्हिडिओ क्लिनिकला पाठवायचं ॲप अशी सगळी जय्यत तयारी होती. फोन मात्र मी माझा जुना दिला, गणपतीच्या व्हिडिओंनी गच्च भरलेला. तिसऱ्या दिवशी बाटली ओठांना लागायच्या आतच रेकॉर्डिंग बंद पडलं. चौथ्या दिवशीही तेच. डोस घेतल्याचा पुरावा नाही म्हणून तो डोससाठी पुन्हा रोज पहाटे क्लिनिकच्या रांगेत. चूक माझी होती आणि भोगलं त्याने. तेव्हा फोनमधली जागा बघा. वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

पेटी कुलपाचीच घ्या, शक्यतो आकड्यांच्या कुलपाची. किल्ली कुणाच्याही हाती लागते. पातळ मेथाडोन पोरांना खोकल्याचं औषध वाटतं, आणि मोठ्या माणसाचा एका दिवसाचा डोस लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. ओट्यावर तर पाच मिनिटंसुद्धा नाही.

किती दिवसांचं मिळेल? अमेरिकेच्या २०२४ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे उपचाराच्या पहिल्या १४ दिवसांत जास्तीत जास्त ७ दिवसांचं, १५व्या दिवसापासून १४ आणि ३१व्यापासून २८ दिवसांचं. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही. राज्याचे नियम कडक असू शकतात आणि शेवटचा शब्द डॉक्टरांचा. काउंटरवर वाद घालू नका.

व्हिडिओत काय काय दिसलं पाहिजे ते क्लिनिककडून लिहून घ्या. आम्हाला सांगितलं होतं: लेबलवरचं नाव आणि तारीख, न फोडलेलं सील, घोट, मग बाटलीत थोडं पाणी घालून विसळून तेही प्यायचं, गिळल्याचं कळावं म्हणून दोन वाक्यं बोलायची, रिकामी बाटली दाखवायची. हे सगळं एका सलग व्हिडिओत. म्हणूनच म्हणते, फोनमधली जागा!

नॅलोक्सोनचा, म्हणजे मेथाडोनसारख्या औषधाचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे आता चिठ्ठीशिवाय मिळतो. तो कुलपात ठेवू नका. घरातल्या प्रत्येकाला जागा माहीत हवी. माणूस हलवूनही उठत नाही, घशातून घरघर येतेय, ओठ निळे पडलेत, तर स्प्रे मारा आणि ९११ लावा. डोळे उघडले तरी ॲम्ब्युलन्स परत पाठवू नका. स्प्रेचा असर साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, मेथाडोन त्याहून कितीतरी जास्त वेळ अंगात राहतं.

बाकी: फोनचा चार्जर जवळ ठेवा. रिकाम्या बाटल्या फेकायच्या नाहीत, परत न्यायच्या. उलटी झाली तर क्लिनिकला फोन, मनाने दुसरा डोस नाही. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घ्यायचा नाही.

आणि आदल्या रात्री त्याच फोनवर पूर्ण पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करून शेवटपर्यंत चालवून बघा.