जुन्या छापील ग्रंथातले अवतरण ऑनलाइन शब्दकोशात कसे द्यावे

शब्दाचा अर्थ लिहून झाला आहे आणि ग्रंथ समोर उघडा आहे, असे धरून चालतो. उदाहरणासाठी इंग्रज धर्मोपदेशक फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराण' या मराठी काव्यातली सर्वांच्या तोंडी असलेली ओवी घेऊ आणि ती विक्शनरी या खुल्या ऑनलाइन शब्दकोशात 'हरळ', म्हणजे खडा, या शब्दाखाली देऊ. तिचा प्रचलित पाठ असा: जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा । तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी ॥

अर्थाच्या ओळीखाली '#*' लिहून ग्रंथाचा तपशील द्यावा आणि त्याखाली '#*:' लिहून ओवी.

खरी अडचण साल आणि पाठ लिहिताना येते. हा ग्रंथ १६१६ साली गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला आणि १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाला. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. आपल्या हाती असतो तो १९०७ चा मंगळूरचा रोमन पाठ, लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातले देवनागरी हस्तलिखित, नाहीतर विसाव्या शतकातली एखादी देवनागरी आवृत्ती. म्हणजे शब्द १६१६ चा असला, तरी डोळ्यांसमोरचे लेखन १६१६ चे आहे असे मुळीच म्हणता येत नाही.

मी पूर्वी नुसते '१६१६' लिहून मोकळा होत असे, आणि वर एका नव्या पुस्तकातून ओवी उतरवताना 'भासा'चे 'भाषा'ही केले होते, कारण ती मला छपाईची चूक वाटली. पुढे एका अभ्यासकाने त्याच नोंदीच्या आधारे 'भाषा' हे रूप सतराव्या शतकातले म्हणून दाखवले, तेव्हा माझे कान तापले. रोमन पाठात तिथे दोन 'एस' आहेत. श किंवा ष म्हणायचा असता, तर पोर्तुगीज वळणाप्रमाणे 'एक्स' आला असता. म्हणजे 'भासा' हेच रूप खरे आणि चूक माझी. तेव्हापासून जुने लेखन 'सुधारून' देण्याचा सल्ला कोणी दिला, की मी तो ऐकून घेत नाही.

म्हणून तपशिलात आधी ठळक १६१६, मग लेखक व ग्रंथ, मग पुराण (ग्रंथाचा भाग), अवस्वरू (अध्याय) आणि ओवीचा क्रमांक आणि शेवटी 'पाठ: मंगळूर, १९०७, रोमनवरून देवनागरी' असे स्पष्ट लिहावे. नुसता पृष्ठांक देऊ नये, कारण आवृत्ती बदलली की तो निरुपयोगी होतो. लिप्यंतर अक्षरागणिक करावे: दोन 'एल' म्हणजे ळ, हे ध्यानात न ठेवल्यास 'हरळा'चा 'हरल्ला' होतो. जिथे खात्री नसेल तिथे अक्षर चौकटी कंसात टाकावे. अंदाजाने अनुस्वार देऊ नयेत.

ग्रंथनाम तिरक्या अक्षरांत देण्याची इंग्रजी रीत देवनागरीला शोभत नाही. एकेरी अवतरणचिन्हे पुरेत.

नोंदीचा शब्द ओवीत ठळक करताना अक्षर मध्ये तोडू नये. 'हरळ' एवढेच ठळक करण्यासाठी ळ नंतर चिन्हे घातली, तर पुढचा काना आणि अनुस्वार एकटे पडतात आणि काही पडद्यांवर तिथे ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. 'हरळां' किंवा सबंध 'हरळांमाजी' ठळक करावे.

ओवीखाली आजच्या मराठीत एका ओळीचा अर्थ द्यावा.

राहता राहिला दंड, म्हणजे ओवीतले विरामचिन्ह. कळफलकावरची उभी रेघ दंडासारखी दिसते म्हणून अनेक जण तीच टाकतात, पण अवतरण साच्यात (टेम्पलेटमध्ये) असेल, तर ती रेघ साचा नव्या घटकाची सुरुवात समजतो आणि 'रत्नकिळा'पुढची ओवी गायब होते. देवनागरीचा '।' वापरावा, आणि शेवटी दोन एकेरी दंड न जोडता स्वतंत्र '॥' टाकावा.