पहिल्या भुरभुरीत फीडर का जातो: ठाणे-नवी मुंबईत नव्याने रुजू होणाऱ्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी

वीज वितरणाच्या एखाद्या शाखेत मे महिन्यात रुजू होणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला सगळे जण चक्रीवादळाची भीती घालतात. ३ जून २०२० चे निसर्ग आणि १७ मे २०२१ च्या सुमारास किनाऱ्यालगत गेलेले तौक्ते यांच्या आठवणी कोकणपट्टीत अजून ताज्या आहेत आणि ती भीती खोटी नाही. परंतु अशा वादळाची सूचना हवामान विभागाकडून आधी मिळते, बाहेरून माणसे आणि खांब येतात, वरिष्ठ स्वतः रस्त्यावर उतरतात आणि लोकही थोडा धीर धरतात. तुमची खरी परीक्षा घेते ती पावसाळ्याच्या तोंडावरची, अंगसुद्धा धड न भिजवणारी भुरभुर. त्या रात्री वारा नसतो, झाड पडलेले नसते, तरी उपकेंद्रातून ऑपरेटरचे फोन एकामागून एक सुरू होतात आणि ग्राहक विचारतो, "मॅडम, चार थेंब पडले नाहीत तोच लाईट कशी जाते?" प्रश्न रास्त आहे. फीडर (उपकेंद्रातून निघणारी वाहिनी), ब्रेकर (तिचा मोठा स्विच), रिले (दोष ओळखून ब्रेकर उघडणारे उपकरण) या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असे मी धरून चालते. या प्रश्नाचे उत्तर मात्र पदवीच्या चार वर्षांत मला कोणी दिलेले नव्हते.

आपल्याकडे उच्चदाब वितरण मुख्यतः २२ किलोव्होल्टवर चालते. जुन्या ठाण्यात, येऊरच्या पायथ्याशी आणि गावठाणांकडे जाणाऱ्या भागांत उघड्या वाहिन्या अजून आहेत, तर घोडबंदर रस्त्यावरची नवी संकुले आणि नवी मुंबईचे नोड (नियोजित वसाहती) प्रामुख्याने भूमिगत केबलवर आहेत. अनेक फीडर मिश्र असतात, म्हणजे उपकेंद्रातून केबल निघते, पुढे खांबांवर चढते आणि रस्ता ओलांडताना पुन्हा जमिनीत जाते. आपल्या शाखेतला प्रत्येक फीडर कुठे जमिनीत शिरतो आणि कुठे बाहेर येतो, हे पायी फिरून स्वतःच्या हाताने कागदावर काढून ठेवा. मिळालेल्या नकाशावर विसंबू नका. तो खरा असेल, पण तो काढल्यानंतर किती वेळा केबल तोडून जोडली गेली आहे, हे त्यावर नसते.

आता भुरभुरीकडे येऊ. परतीचा पाऊस संपल्यापासून मे अखेरपर्यंत इन्सुलेटर, म्हणजे तारेला खांबापासून विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणारे आधार, धुतले जात नाहीत. या काळात खाडीवरच्या वाऱ्याबरोबर येणारे क्षार, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातली काजळी आणि रस्ते-इमारतींच्या कामांची सिमेंटची धूळ त्यांच्यावर थराथराने बसत राहते. १३ मे २०२४ रोजी मुंबई-ठाण्यावर जे धुळीचे वादळ आले, तशा वादळात हा थर एका दुपारीतही वाढतो. कोरडा असताना तो निरुपद्रवी असतो आणि मुसळधार पाऊस तर तो धुऊनच नेतो. भुरभुर किंवा दाट दव मात्र त्याला न धुता फक्त ओला करते. ओल्या क्षारातून गळतीचा प्रवाह वाहू लागतो, त्या प्रवाहाच्या उष्णतेने थरातले काही पट्टे वाळतात, सगळा विद्युत दाब त्या अरुंद कोरड्या पट्ट्यांवर येऊन पडतो आणि तेथे ठिणग्या उडू लागतात. ठिणग्या एकमेकींना जुळत गेल्या की इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून थेट फ्लॅशओव्हर होतो आणि अर्थ फॉल्ट रिले ब्रेकर उघडते. यात भर पडते ती जुन्या चिनीमातीच्या पिन इन्सुलेटरमधल्या केसाएवढ्या भेगांची. उन्हाने तापलेल्या चिनीमातीवर एकदम पाणी पडले की अशा भेगा वाढतात, त्यांत पाणी शिरते आणि वरून धडधाकट दिसणारा इन्सुलेटर आतून पंक्चर होतो.

ज्या सापळ्याने मला पहिला सबंध पावसाळा नीट झोपू दिले नाही, तो येथेच आहे आणि त्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे. भुरभुरीत फीडर ट्रिप होतो, म्हणजे ब्रेकर उघडून बंद पडतो. अर्ध्या तासात पाऊस थांबतो किंवा जोर धरतो. म्हणजे इन्सुलेटर एक तर वाळतात, नाही तर धुतले जातात. तुम्ही टेस्ट चार्ज घेता, म्हणजे पुरवठा पुन्हा देऊन पाहता, फीडर उभा राहतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि लॉगबुकात नोंद होते: "पावसामुळे ट्रिप, चार्ज केले, ओके." दुसऱ्या दिवशी भर उन्हात पेट्रोलिंग होते आणि काहीच सापडत नाही, कारण सापडण्यासारखे जे होते ते वाळून गेलेले असते. पुढच्या भुरभुरीला तोच फीडर, तीच रिले, तोच फेज. असे होत होत एका रात्री तो पिन कायमचा फुटतो, जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) जळतो किंवा तार खाली येते आणि मग जे काम दिवसाढवळ्या एक इन्सुलेटर बदलून झाले असते, ते धो धो पावसात पहाटेपर्यंत चालते.

मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचे यंत्र, तोही येथे फसवतो. आपण मेगर लावतो पाच किलोव्होल्टचा, तोही डीसी. २२ किलोव्होल्टच्या वाहिनीवर फेज आणि जमीन यांच्यातला दाब १२.७ किलोव्होल्ट असतो आणि त्याचे शिखर जवळपास १८ किलोव्होल्टपर्यंत जाते. जी भेग अठरावर फुटते ती पाचवर गप्प बसते. केबलच्या जॉइंटमध्ये हे आणखी वाईट असते. जॉइंटमध्ये पाणी शिरले की फॉल्ट होतो, त्या फॉल्टच्याच उष्णतेने ओल उडून जाते, मेगरचे रीडिंग चांगले येते, केबल चार्ज होते, काही तास चालते आणि लोड वाढल्यावर किंवा पुन्हा ओल शिरल्यावर परत जाते. म्हणून मेगर खराब आला तर त्याच्यावर विश्वास ठेवा. चांगला आला तर ठेवू नका. शंका असलेल्या केबलवर दाब चाचणी मागा आणि फॉल्ट शोधणारी व्हॅन येईपर्यंत रिंग मेन युनिटवरून (केबलच्या वाटा बदलणाऱ्या स्विचच्या पेटीवरून) पुरवठा दुसऱ्या बाजूने फिरवता येतो का ते पाहा. वर असे लिहून दिले तर वरिष्ठ रागावतील, असे वाटते. माझ्या अनुभवात रागावतात ते न लिहिणाऱ्यावर.

ट्रिप झाल्यावर रिलेवरचा फ्लॅग (दोषाचा प्रकार दाखवणारी खूण) पुसण्याआधी तो टिपून घ्या. अर्थ फॉल्ट की ओव्हरकरंट, कोणता फेज, किती अँपिअर, त्या क्षणी पाऊस कसा होता, एवढे पाच ओळींत मावते. नवीन न्युमरिक (डिजिटल) रिले फॉल्टचा प्रवाह साठवून ठेवते आणि त्या आकड्यावरून दोष उपकेंद्राजवळ आहे की शेपटाला, याचा अंदाज बांधता येतो. घाईत ऑपरेटर रिसेट करून मोकळा होतो, म्हणून त्याच्याशी आधीच गोडीने बोलून ठेवा. एकाच फीडरच्या अशा दोन-तीन नोंदी शेजारी ठेवल्या की "पावसामुळे" या शब्दाआड काय दडले आहे ते दिसू लागते.

पेट्रोलिंग करायचेच असेल तर ते ओल्यात करा आणि अंधारात करा. हे मला पुस्तकाने सांगितले नाही, निवृत्तीला आलेल्या एका लाईनमन काकांनी सांगितले. खाडीकडच्या एका रस्त्यावर भुरभुर चालू असताना त्यांनी मला गाडीतून उतरवले, "मॅडम, बॅटरी बंद करा आणि जरा कान द्या" म्हणाले. फीडर चालूच होता. दोन खांब सोडून तिसऱ्याखाली तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता आणि वर पाहिले तर मधल्या पिनच्या बुडाशी निळसर ठिणगी पुन्हा पुन्हा सरकताना दिसत होती. दुसऱ्या दिवशी तो इन्सुलेटर उतरवून हातात घेतला, तेव्हा त्याच्या गळ्याला ठिणग्यांनी जळाल्याचा काळा माग स्पष्ट दिसत होता. खालून दुर्बिणीने तो कधीच दिसला नसता.

यामुळेच "टाकून बघ" (म्हणजे ब्रेकर पुन्हा चालू करून पाहा) या पद्धतीबद्दल माझे मत कडवट आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर कोणीतरी तीन फीडर दूर बसून हा सल्ला देतो आणि नवा माणूस भिडेखातर ब्रेकर टाकतो. उघड्या वाहिनीवरचे बहुतेक दोष क्षणिक असतात, फांदी लागून जाते, पक्षी असतो, तारा वाऱ्याने एकमेकींना चाटून जातात. तेथे पाहणी करून एकदा चार्ज करणे समजण्यासारखे आहे. केबलवर मात्र प्रत्येक चार्जबरोबर फॉल्टचा पूर्ण प्रवाह त्या जॉइंटमध्ये आणि उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ओतला जातो. मिश्र फीडर असेल तर एबी स्विच (खांबावरचा हाताने चालवायचा स्विच) उघडून आधी उघडा भाग वेगळा काढा आणि मगच ठरवा. वेळ लागतो. लागू द्या.

केबलबद्दल आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही. पावसाळ्यात जाणाऱ्या केबलचा घात बहुधा उन्हाळ्यातच झालेला असतो. गॅसची, पाण्याची किंवा इंटरनेटची लाईन टाकताना जेसीबीचा दात केबलच्या बाहेरच्या आवरणाला लागतो, केबल त्या दिवशी जात नाही, खड्डा बुजवला जातो आणि कोणी बोलत नाही. जमीन पाण्याने भरली की ती जखम पाणी ओढते. तुमच्या हद्दीत खोदकाम दिसले की थांबा, फोटो काढा, तारीख आणि जागा नोंदवा. जुलैमध्ये ती वही नकाशापेक्षा उपयोगी पडते.

वारा आणि झाडे यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते डोळ्यांना दिसते. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाच्या फांद्या ठिसूळ असतात, नारळाची झावळी दूरवर उडते, आणि फ्लेक्स, ताडपत्री, पत्रे या तिघांनी मिळून झाडांइतकाच त्रास दिला आहे. छाटणीची परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून येते. तो अर्ज मे महिन्यात नव्हे, फेब्रुवारीत करायचा असतो. लघुदाब वाहिनीवर फांदी पडून न्यूट्रल तुटला असेल तर तक्रार "लाईट गेली" अशी येत नाही. काही घरांत दिवे मंद आणि काहींत डोळे दिपवणारे, अशी येते, कारण सिंगल फेजच्या घरांवर दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो. अशी तक्रार कानावर आली की प्रश्न न विचारता आधी तो पुरवठा बंद करा.

नवी मुंबईत पाण्याचा हिशेब वेगळा आहे. सिडकोने खाडीलगतचे काही नोड भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर वसवले आणि पावसाचे पाणी थोपवण्यासाठी धारण तलाव बांधले. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की खाडीकडचे दरवाजे मिटलेले राहतात आणि पाणी सखल भागात चढते. फीडर पिलरच्या (रस्त्याकडेच्या लघुदाब वितरण पेटीच्या) बुडाशी पाणी आले की पुरवठा आपण स्वतःहून बंद करतो. हा बिघाड नसतो, तो निर्णय असतो, आणि तो घेताना तुम्हाला शिव्या खाव्या लागतील. खा. पाणी ओसरल्यावर पिलर उघडून, पुसून, वाळवून, मेगर करून मगच चालू करा. येथे मेगरचा खरोखर उपयोग होतो, कारण दाब लघु असतो. भरतीचे वेळापत्रक पावसाळाभर टेबलावर असू द्या.

आता कठोर बोलते. तार रस्त्यावर पडली आणि फीडर ट्रिप झाला नाही, तर ती मेलेली आहे असे समजू नका. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर पडलेल्या तारेतून इतका कमी प्रवाह जातो की रिलेला कळतही नाही. ब्रेकर उघडला, परमिट (वाहिनीवर काम करण्याची लेखी परवानगी) हातात आले, तरी सोसायटीचा जनरेटर चेंजओव्हर स्विचच्या चुकीच्या जोडणीतून उलटा पुरवठा देऊ शकतो. घोडबंदरच्या अनेक संकुलांत जनरेटर आहेत आणि गच्च्यांवर सौर पॅनेल वाढत आहेत. सौर इन्व्हर्टर वीज गेल्यावर आपोआप थांबतो हे खरे, पण त्या भरवशावर माणूस खांबावर चढवायचा नसतो. लाईन तपासा, कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड (तार जमिनीशी जोडणारा दांडा) लावा आणि परमिट घेणाऱ्यानेच परत केल्याशिवाय ब्रेकरला हात लावू देऊ नका. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम वाचा. परीक्षेसाठी वाचलेले आणि पावसात आठवलेले यांत फरक पडतो, म्हणून पुन्हा वाचा.

गुरू निवडताना हुद्दा पाहू नका. फीडर कोणत्या खांबावर रुसतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यामागे फिरा. पैसे घेऊन "फॉल्ट फाइंडिंग" शिकवणारे जे ऑनलाइन वर्ग निघाले आहेत, त्यांतून शब्द मिळतात, कान मिळत नाही. पहिल्या जूनमध्ये आपण या कामाला नालायक आहोत असे तुम्हाला वाटेल. ते जवळजवळ प्रत्येकाला वाटते आणि ऑगस्टमध्ये कमी होते, कारण तोवर इन्सुलेटर धुतले गेलेले असतात आणि तुमच्या नोंदीही साठलेल्या असतात. फोन उचलत राहा. "दोष अजून सापडलेला नाही, शोधतो आहोत" एवढे खरे सांगितले तरी बहुतेक ग्राहक ऐकून घेतात. "दहा मिनिटांत येईल" हे मात्र कधीही सांगू नका.

ऑगस्टमधल्या त्या शांततेत एक काम उरकून घ्या. परतीचा पाऊस विजा घेऊन येतो आणि लाइटनिंग अरेस्टर (विजेची लाट जमिनीत वळवणारे उपकरण) त्याच्या अर्थिंगइतकाच, म्हणजे जमिनीशी असलेल्या जोडणीइतकाच, चांगला असतो. अनेक खांबांवर अरेस्टर दिमाखात बसलेला असतो आणि त्याची अर्थिंगची पट्टी खाली चोरीला गेलेली असते किंवा गंजून तुटलेली असते. अशा वेळी लाट जमिनीत न जाता थेट रोहित्राच्या वाइंडिंगवर जाते. सप्टेंबर संपण्यापूर्वी प्रत्येक रोहित्राच्या अर्थिंगचे रीडिंग घ्या, पट्टी जेथे जमिनीत शिरते तेथे हाताने ओढून पाहा आणि जी हातात येईल तिची यादी त्याच दिवशी वर पाठवा.