जुडीऐवजी चिमूट: मुंबईच्या खिडकीतील भाजीपाला

मुंबईतील सदनिकेत भाजी लावायची म्हटली, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम टोमॅटो येतो आणि बहुधा तिथेच हिरमोड होतो. टोमॅटोच्या रोपाला किमान १२ इंची कुंडी, रोज सहा तासांचे थेट ऊन आणि काठीचा आधार लागतो. एवढे करूनही आठवडाभराच्या साराला पुरतील इतकी फळे हाती येतीलच असे नाही. त्यापेक्षा जी पाने स्वयंपाकात चिमटीने लागतात, पण बाजारातून जुडीने आणावी लागतात आणि उरलेली फ्रीजमध्ये काळी पडतात, ती घरी लावावीत. कांदे, बटाटे आणि फ्लॉवर मंडईतूनच आणलेले बरे.

कुंडी आणण्यापूर्वी खिडकीची दिशा पाहावी. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. परिणामी दक्षिणेच्या ज्या खिडकीत डिसेंबरात ऊन थेट खोलीच्या आतपर्यंत येते, तीच खिडकी जूनमध्ये थेट उन्हाला जवळजवळ मुकते, आणि वर्षभर थंड असलेल्या उत्तरेच्या ग्रिलवर तेव्हा थोडे ऊन उतरते. पूर्वेचे कोवळे ऊन पालेभाज्यांना सर्वांत मानवते. पश्चिमेच्या खिडकीत मिरची चांगली येते, परंतु एप्रिल-मे महिन्यांत तिथे कोवळ्या रोपांवर जुन्या सुती साडीची सावली धरावी लागते. समोर उंच इमारत असेल तर हा सगळा हिशेब कोलमडतो. तेव्हा एखाद्या सुट्टीच्या दिवशी ग्रिलवर ऊन किती वाजता आले आणि किती वाजता गेले, हे टिपून ठेवावे.

रोपवाटिकेतील नुसती लाल माती कुंडीत दगडासारखी घट्ट बसते. म्हणून माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समभाग घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. पावसाळ्यासाठी भरलेल्या कुंडीत कोकोपीट निम्मे करून त्याऐवजी जाडी रेती घालावी, कारण या शहरात चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कोकोपीट पाणी सोडत नाही. ओल्या मातीने भरलेली कुंडी वाटते त्यापेक्षा बरीच जड असते. ती ग्रिलच्या तळाशी, भिंतीलगत ठेवावी, कठड्यावर कधीही ठेवू नये. खाली ताटली ठेवली नाही तर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी ठिबकते, आणि ठेवली तर तिच्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होऊ शकते. ताटली ठेवून ती एक दिवसाआड रिकामी करणे आणि आठवड्यातून एकदा घासून धुणे, हाच त्यावरचा मार्ग आहे.

कोथिंबिरीविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण ती सर्वांनाच हवी असते आणि बहुतेकांची फसते. माझी पहिली कुंडी मी ऐन एप्रिलमध्ये पेरली होती. चार पाने येताच तिला तुरे फुटले. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच तिचा खरा हंगाम. धने न भाजलेले घ्यावेत, लाटण्याने हलके रगडून त्यांची दोन दले मोकळी करावीत, रात्रभर भिजवावीत आणि अर्धा इंच मातीखाली पेरावीत. कोंब दिसायला आठ ते बारा दिवस लागतात. या काळात बी कुजले असे समजून कुंडी उकरू नये. सुमारे ४० दिवसांनी बाहेरची पाने खुडून घ्यावीत, मधला गाभा राखावा.

ज्यांना इतका धीर नाही, त्यांनी मेथी पेरावी. मुंबईच्या बाजारात मुळांसकट छोट्या जुड्यांनी मिळणारी समुद्रमेथी म्हणजे किनाऱ्याजवळच्या रेतीत दाट पेरून कोवळेपणीच उपटलेली साधी मेथीच होय. तळाला भोके पाडलेल्या पसरट डब्यात रेती आणि माती निम्मी-निम्मी घेऊन भिजवलेले मेथीदाणे दाट पसरावेत. आठ-दहा दिवसांत ती काढता येते. पाच-सहा पाण्यांतून धुतली नाही, तर मात्र दाताखाली रेती येते. लसूण, हिरवी मिरची आणि भिजवलेली मूगडाळ घालून तिची परतलेली भाजी करावी.

पुदिन्याच्या बाजारातील जुडीतून जाड काड्या निवडून त्या पाण्यात ठेवल्या, की आठवड्याभरात मुळे फुटतात. बुंध्यासकट मिळालेला गवती चहाही तसाच लागतो. ओव्याच्या पानांची फांदी मातीत नुसती खोचली तरी पुरते. ती जाड, लवदार पाने भज्यांसाठी उत्तम, मात्र फोडणीतला ओवा हा वेगळ्याच झाडाचा असतो. कढीपत्त्याला पहिले वर्षभर हात लावू नये. नंतर शेंडे खुडत राहिल्यास तो फुटतो. त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली, तर ती बहुधा फुलपाखराची असते. मी तिला एक फांदी देऊन टाकतो.

मिरचीची पाने चुरडून वळू लागली, तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे.

पावसाळ्यात कोथिंबिरीचा हट्ट सोडून मायाळूचा वेल ग्रिलवर चढवावा आणि सर्वांत रुंद कुंडीत अळू लावावे. अळूच्या पानांत खाजरे स्फटिक असतात. ती चिरण्यापूर्वी हाताला तेल लावावे, शिजवताना चिंच किंवा आमसूल घालावे आणि पाने पूर्ण मऊ होईपर्यंत चव घेण्याची घाई करू नये.