ओळखी मुलांवर सोपवा
परदेशात सहकुटुंब असाल आणि तिथल्या लोकांशी ओळखी व्हाव्यात असं वाटत असेल, तर रोज नवं ठिकाण गाठण्यापेक्षा मुक्कामाजवळच्या एकाच बागेत, शाळा सुटायच्या वेळी, लागोपाठ दोन-तीन दिवस जा. पहिल्या दिवशी नुसतं हसणं होतं. दुसऱ्या दिवशी मुलं एकत्र खेळू लागतात आणि मग मोठ्यांना बोलावंच लागतं. सोबत चेंडू ठेवा. इतरांच्या मुलांचे फोटो मात्र पालकांना विचारल्याशिवाय काढू नका.

मोठी मुलं बागेला नाक मुरडणारच. त्यांच्यासाठी ‘ग्रीटर’ शोधा: आपलं शहर हौसेनं, विनामूल्य फिरवून दाखवणारे स्थानिक स्वयंसेवक. १९९२मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेली ही पद्धत आता अनेक देशांत आहे. नोंदणी बरीच आधी करा, मुलांची वयं आणि आवडीनिवडीही कळवा.