मेथडिस्ट पाळक आणि त्यांच्या पत्नीचं घराणं कसं शोधायचं

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या पाळकाचं कुटुंब शोधायला बसलं की सुरुवातीलाच डोकं फिरतं. थोरला कॉर्नवॉलमध्ये जन्मलेला, मधली लीड्सची, धाकटा नॉर्विचचा आणि आईवडिलांची थडगी चौथ्याच गावात. कारण साधं आहे. पाळकाला एका सर्किटमध्ये, म्हणजे आसपासच्या चॅपेलांच्या (प्रार्थनामंदिरांच्या) गटात, सलग तीन वर्षांपेक्षा जास्त सहसा ठेवत नसत. पण या बदल्यांची दरवर्षी छापील नोंद व्हायची, आणि एवढी सोय दुसऱ्या कुठल्या पेशातल्या माणसाच्या वंशजांना क्वचितच मिळते. म्हणून जन्मदाखले मागवण्याआधी बदल्यांची यादी तयार करा.

त्याआधी दोन गोष्टींची खात्री हवी. पहिली, माणूस खरंच पाळक होता का? घरोघरच्या आठवणीत ‘आमचे पणजोबा मेथडिस्ट पाद्री होते’ असं असतं, आणि जनगणनेत निघतो ‘लोकल प्रीचर’. लोकल प्रीचर म्हणजे आठवडाभर मोचीकाम किंवा दुकान सांभाळून रविवारी उपदेश करणारा सामान्य सभासद. त्याची बदली होत नसे. तो सर्किटच्या तिमाही ‘प्लॅन’वर, म्हणजे उपदेशकांच्या पाळ्यांच्या तक्त्यावर, सापडतो, पाळकांच्या यादीत नाही. दुसरी गोष्ट, शाखा कोणती? मेथडिस्ट न्यू कनेक्शन १७९७ साली वेगळं झालं, प्रिमिटिव्ह मेथडिस्ट १८११ च्या सुमारास, बायबल ख्रिश्चन १८१५ मध्ये. १८५७ मध्ये युनायटेड मेथडिस्ट फ्री चर्चेस ही शाखा उभी राहिली. सगळ्या मुख्य शाखा एकत्र आल्या त्या थेट १९३२ साली. प्रत्येक शाखेची कॉन्फरन्स (वार्षिक सभा) वेगळी आणि मिनिटंही (त्या सभेची छापील इतिवृत्तं) वेगळी. वेस्लियन, म्हणजे मूळ मुख्य शाखेच्या, यादीत नाव नाही म्हणून माणूस पाळक नव्हताच, असं ठरवू नका.

आता यादी. कॉन्फरन्सच्या वार्षिक मिनिटांमध्ये ‘स्टेशन्स’ या भागात कोणता पाळक कुठल्या सर्किटवर, हे दिलेलं असतं. वेस्लियन पाळकांसाठी ‘हिल्स अरेंजमेंट’ नावाची नावनिहाय सूचीही आहे; तिथे एकाच्या सगळ्या नेमणुका सलग मिळतात. कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: साल, सर्किट, प्रत्यक्ष राहण्याचं गाव, परगणा. तिसरा रकाना लोक गाळतात आणि तिथेच फसतात. सर्किटला नाव मुख्य गावाचं, पण दुसऱ्या क्रमांकाचा पाळक बऱ्याचदा आठ-दहा मैलांवरच्या छोट्या गावात राहायचा, आणि मुलांचे जन्म तिथल्या नोंदणी जिल्ह्यात पडायचे.

सालाचा हिशेबही नीट करा. कॉन्फरन्स उन्हाळ्यात भरायची आणि बिऱ्हाड ऑगस्टअखेर-सप्टेंबरात हलायचं. बहुतेक जनगणना मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला झाल्या. म्हणजे १८७१ च्या जनगणनेतलं घर शोधताना १८७० ची स्टेशन्स बघायची. १८७१ ची बघितली, तर कुटुंब अजून पोचलेलंच नाही अशा गावात तुम्ही शोधत बसाल.

एकाच नावाचे दोन-तीन पाळक एकाच वेळी असणं ही नेहमीची डोकेदुखी. यादीत नावापुढे ‘पहिला’, ‘दुसरा’ किंवा ‘ए’, ‘बी’ अशी खूण दिसते. ती माणसाला कायमची चिकटली आहे असं धरू नका. सेवेत आल्याचं साल जुळवून खात्री करा. यादीत ‘सुपरन्युमररी’ दिसलं तर त्याचा अर्थ निवृत्त.

पत्नीचा शोध इथूनच सुरू होतो. नव्या पाळकाला साधारण चार वर्षं उमेदवारी करावी लागे आणि ती संपेपर्यंत लग्नाला परवानगी नसे. मिनिटांत उमेदवार म्हणून पहिलं नाव १८५१ ला दिसलं, तर १८५५ च्या कॉन्फरन्सनंतरचे महिने आधी धुंडाळा. सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या सूची तिमाही असतात. सप्टेंबर आणि डिसेंबर तिमाही घ्या. लग्न वधूच्या गावी लागायचं, आणि वधू पुष्कळदा उमेदवारीच्या काळातल्या सर्किटमधलीच असायची, म्हणून त्या चार वर्षांतली गावं अगोदर. लग्नाच्या दाखल्यावर दोघांच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय मिळतात. साक्षीदारांची आडनावंही टिपून ठेवा. बहिणी-मेव्हणे तिथेच सापडतात.

लग्न १ जुलै १८३७ च्या आधीचं असेल तर चॅपेलच्या वहीत शोधू नका. १७५४ पासून तोवर क्वेकर आणि ज्यू सोडून सर्वांना इंग्लंडच्या अधिकृत अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावावं लागे, पाळकालासुद्धा.

लग्न सापडलंच नाही, तर मुलांकडून उलट या. इंग्लंड-वेल्सच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन जन्मसूचीत १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. मुलाच्या मधल्या नावातही माहेरचं आडनाव लपलेलं असतं. एखादा जन्म नेमणुकीच्या गावापासून भलत्याच दूर निघाला तर चूक समजून सोडू नका. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणं तिकडेही चालायचं. १८३७ पूर्वीच्या जन्मांसाठी लंडनच्या पॅटर्नॉस्टर रो इथली वेस्लियन मेट्रोपॉलिटन रजिस्ट्री बघा. १८१८ मध्ये सुरू झालेल्या या दप्तरात आईच्या आईवडिलांची नावंही लिहिली जात, म्हणजे एका नोंदीत आजोळ हाती लागतं. ही दप्तरं आता ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आरजी ४ आणि आरजी ५ या मालिकांत आहेत.

जनगणनेच्या घरातून दहा-बारा वर्षांचा मुलगा गायब असेल तर तो वारला असं लिहून मोकळे होऊ नका. वेस्लियन पाळकांची मुलं किंग्सवुड किंवा यॉर्कशरमधल्या वुडहाउस ग्रोव्ह शाळेत राहायला असत. किंग्सवुड शाळा १८५१ मध्ये ब्रिस्टलजवळून बाथला हलली, त्यामुळे कोणत्या जनगणनेत कुठे बघायचं ते साल पाहून ठरवा.

पाळक सेवेत असताना किंवा निवृत्तीनंतर वारला की त्या वर्षीच्या मिनिटांत छोटा मृत्युलेख येई. त्यात ‘वयाच्या चौसष्टाव्या वर्षी’ असेल तर पूर्ण झालेली वर्षं त्रेसष्ट. जन्मसाल काढताना हे विसरलं की सगळं एका वर्षाने सरकतं. पत्नीचा मात्र या लेखात अनेकदा उल्लेखही नसतो. तिच्यासाठी वेस्लियन मेथडिस्ट मॅगझिन आणि १८६१ पासूनचा मेथडिस्ट रेकॉर्डर चाळा. तिचं मृत्युपत्र १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याआधी, नवरा हयात असताना, मिळण्याची आशा फार धरू नका. विधवा असेल तर जरूर बघा. १२ जानेवारी १८५८ पासूनची प्रोबेट (मृत्युपत्रांच्या मंजुरीची) सूची एकाच जागी आहे.

राहिली सर्किटची दप्तरं: बाप्तिस्म्याच्या वह्या, स्ट्यूअर्डचे (सर्किटचा हिशेब सांभाळणाऱ्याचे) जमाखर्च, पाळकाच्या घरातल्या सामानाच्या याद्या. घर आणि फर्निचर सर्किटचं असल्यामुळे पाळकीणबाईंच्या वाट्याला आलेल्या चादरी आणि ताटल्यासुद्धा कधीकधी मोजून लिहिलेल्या आढळतात. हे सगळं बहुतेक परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीत संप्रदायाचं मध्यवर्ती दप्तर आहे, पण गावोगावचे बाप्तिस्मे तिथे मागू नका. परदेशी मिशनवर गेलेल्यांचे कागद लंडनच्या सोआस या विद्यापीठ-संस्थेत. रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिताना चॅपेलचं नाव न देता सर्किटचं नाव आणि साल द्या. वह्या बऱ्याचदा सर्किटच्या नावाने लावलेल्या असतात.