शहरात विरलेल्या जर्मन जमीनदारी गावाचा इतिहास कसा लिहावा

जर्मनीतील एखाद्या शहराने सामावून घेतलेल्या छोट्या जमीनदारी गावाचा इतिहास लिहायला बसणारा माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो तो असा की, हे गाव शहरात केव्हा गेले. याचे उत्तर एका ओळीत मिळते आणि त्यातून फारसे काही हाती लागत नाही. बर्लिनच्या नैर्ऋत्येकडील डालेमपुरते ते उत्तर १ ऑक्टोबर १९२० असे आहे. त्या दिवशी बर्लिनसह ८ शहरे, ५९ ग्रामीण वस्त्या आणि २७ जमीनदारी हद्दी एकत्र करून बृहद्बर्लिन तयार झाले, आणि त्या २७ हद्दींपैकी एक डालेमची होती. परंतु डालेमची शेते त्याआधी वीस वर्षे प्लॉट पाडून विकली जात होती आणि ती विकणारा गावाचा मालकच होता. म्हणून शोधाची सुरुवात मालकीपासून करावी.

त्यासाठी आधी गावाचा कायदेशीर दर्जा पाहावा. प्रशियात, म्हणजे बर्लिन राजधानी असलेल्या तेव्हाच्या जर्मन राज्यात, ‘लांडगेमाइंडे’ म्हणजे स्वतःचा कारभार पाहणारे गाव, तर ‘गुट्सबेत्सिर्क’ म्हणजे जिथे गावकीचा कारभारही इस्टेटीच्या मालकाकडेच असे, अशी हद्द. दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी गावसभेची इतिवृत्ते शोधत बसणे व्यर्थ आहे, कारण सभाच नव्हती. कागद असतील तर ते मालकाच्या दप्तरात. आपल्याकडच्या जहागिरीशी तुलना करण्याचा मोह येथे होतो, पण तो जपून आवरावा. जहागीरदाराचा हक्क मुख्यतः महसुलावर असे. जर्मनीच्या पूर्व भागातला जमीनदार स्वतः मोठी शेती करी, तीवर कुळांकडून वेठीने राबवून घेई, आणि गावातला न्यायनिवाडाही त्याच्याच हाती असे. ९ ऑक्टोबर १८०७ च्या फर्मानाने वंशपरंपरागत बांधिलकी संपवण्याचे ठरले खरे, तरी जमीनदारी न्यायालये त्यानंतरही चार दशके टिकली.

दर्जा कळला की मालकांची साखळी जुळवावी. डालेमचा सर्वांत जुना उल्लेख सम्राट चौथ्या कार्लच्या १३७५ मधील ‘लांडबुख’ या नोंदवहीत आहे. ब्रांडेनबुर्गमधील, म्हणजे बर्लिनभोवतीच्या प्रदेशातील, बहुतेक गावांसाठी शोधाचे पहिले पान हेच असते, कारण तीत गावोगावची जमीन, पाद्र्याचा वाटा आणि देणी लिहिलेली आहेत. १६७१ पासून १७९९ पर्यंत गाव फॉन विल्मर्सडोर्फ घराण्याकडे होते. त्यांच्यापैकी कुनो हान्स याने १६८० मध्ये वाड्याची पुनर्रचना केली आणि दारावर घराण्याचे चिन्ह बसवले. ते आजही वर मान करून पाहता येते. १८०४ मध्ये प्रशियाचा मंत्री कार्ल फ्रिडरिख फॉन बाइमे याने गाव विकत घेतले. त्याच्या मृत्यूनंतर, १८४१ मध्ये, ते राज्याकडे गेले आणि ‘डोमेने’, म्हणजे सरकारी शेतजमीन, झाले. पुढचे सगळे या एका व्यवहारातून निघते. मालक सरकारच असल्यामुळे १९०१ मध्ये जमीन वाटण्यासाठी खास आयोग नेमता आला, बंगल्यांसाठी प्लॉट विकता आले आणि काही भाग विज्ञानसंस्थांसाठी राखूनही ठेवता आला.

कागद वाचण्याची तयारी वेगळी करावी लागते. जुने हस्तलेखन ‘कुरेन्ट’ वळणाचे असते. छापील जर्मन उत्तम वाचणारा माणूसही त्यापुढे तसाच अडतो, जसा देवनागरीवर वाढलेला मराठी वाचक मोडी रुमालापुढे अडतो. महिनाभर रोज एक पान गिरवण्याला पर्याय नाही. मापांचेही तसेच आहे. प्रशियाचा एक मोर्गेन सुमारे २,५५३ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण २५ गुंठ्यांचा. मात्र ‘हूफे’ हे मोठे माप गावागणिक बदलते, तेव्हा त्याचे सरसकट रूपांतर करू नये. डालेमच्या बाबतीत गंमत अशी की, प्रशियाच्या सरकारी कागदांचे मुख्य अभिलेखागार डालेममध्येच आहे, म्हणजे गावाचे दप्तर गावाच्याच जुन्या हद्दीत बसून वाचता येते.

मग नकाशा घेऊन फिरावे. एकोणिसाव्या शतकातील १:२५,००० चे हस्तलिखित मोजणी नकाशे आजच्या नकाशावर ठेवले की चर्च, वाडा आणि गावातले मोकळे मैदान यांची जागा लगेच सापडते. रस्त्यांची नावेही वाचावीत. टीलआले हे नाव जमीनवाटपाचे काम पाहणाऱ्या हुगो टील या अधिकाऱ्याचे, तर पोडबीएल्स्कीआले हे त्या काळच्या शेतीमंत्र्याचे. गाव कोणी कापले, हे पाट्याच सांगतात.

डोळ्यांवर मात्र पूर्ण विश्वास टाकू नये. डालेम-डोर्फ हे भुयारी रेल्वेचे स्थानक लाकडी चौकटींचे आहे आणि त्यावर गवती छप्पर आहे. नवखा माणूस त्याला गावातले जुने घर समजून फोटो काढतो. ते १९१३ चे आहे, म्हणजे शेते विकायला काढल्यानंतर खेडेगावाचा आभास राहावा म्हणून तसे बांधलेले. उलट सेंट अॅना चर्च खरोखर मध्ययुगीन आहे, आणि १८३० च्या दशकात बर्लिन ते कोब्लेन्झ या दृक्-तारायंत्राचे, म्हणजे दुरून दिसणाऱ्या खुणांनी निरोप पुढे धाडणाऱ्या ठाण्यांच्या साखळीचे, दुसरे ठाणे त्याच्याच मनोऱ्यावर होते. राजधानीची नजर या गावावर शहरीकरणाच्या कितीतरी आधी पडली होती, हे माझ्या मते त्या मनोऱ्याइतके दुसरे काही दाखवत नाही.

शेवटी, इतिहास १९२० ला थांबवू नये. विकलेल्या शेतांवर काय उभे राहिले तेही लिहावे. येथील रसायनशास्त्र संस्थेत १९३८ च्या डिसेंबरात ओटो हान आणि फ्रिट्स श्ट्रासमान यांना युरेनियमच्या विखंडनाचा पुरावा मिळाला. ईनेश्ट्रासेवर १९२७ मध्ये मानववंशशास्त्राची संस्था उघडली आणि तेथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली इरावती कर्वे यांनी मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहून १९३० मध्ये बर्लिन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. हीच संस्था पुढे नाझी वंशशास्त्राची चाकरी करू लागली. २०१४ मध्ये त्या परिसरात बांधकामासाठी खोदताना मानवी हाडे निघाली, आणि २०२३ मध्ये ती डालेमच्याच वनदफनभूमीत पुरण्यात आली.