डॅक-अ‍ॅम्प घेण्याआधी हेडफोनचे दोन आकडे

डॅक म्हणजे डिजिटल फाइलचा विद्युत संकेत करणारा भाग, अ‍ॅम्प म्हणजे तो संकेत हेडफोनपुरता मोठा करणारा; डॅक-अ‍ॅम्प म्हणजे दोन्ही एका डब्यात. कमी पैशांत डॅक-अ‍ॅम्प घेताना बहुतेक जण चिपचं नाव, बिट आणि किलोहर्ट्झ बघतात. निवड खरी ठरते ती हेडफोनच्या दोन आकड्यांवर: इम्पीडन्स (हेडफोन करंटला करतो तो विरोध) ओममध्ये आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो) डेसिबलमध्ये. सेन्सिटिव्हिटीपुढचं एकक नीट वाचा. काही कंपन्या ती एका मिलिवॉटला देतात, काही एका व्होल्टला, तर काही नुसतं 'डीबी' लिहून मोकळ्या होतात. ३२ ओमच्या हेडफोनसाठी मिलिवॉट आणि व्होल्ट या दोन मोजमापांत १५ डेसिबलचा फरक पडतो. एकक चुकलं की पुढचं सगळं गणित चुकलं.

गणित सोपं आहे. हिशेबासाठी ११० डेसिबल ही कमाल धरा. इतक्या मोठ्याने सतत ऐकायचं नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. पण संगीतात ढोल किंवा तबल्याची थाप क्षणभर सरासरीच्या १५-२० डेसिबल वर उसळते, आणि काही रेकॉर्डिंग मुळातच हळू आवाजाची असतात. त्यासाठी वर जागा लागते.

आता दोन हेडफोन घ्या. पहिला ३०० ओमचा, मिलिवॉटला ९७ डेसिबल देणारा. ११० गाठायला त्याला २० मिलिवॉट लागतात, म्हणजे जवळजवळ २.५ व्होल्ट, पण करंट फक्त ८ मिलिअँपिअर. दुसरा ३२ ओमचा प्लॅनर (सपाट पडद्याचा हेडफोन), मिलिवॉटला ९० डेसिबल. त्याला लागतात १०० मिलिवॉट: १.८ व्होल्ट आणि तब्बल ५६ मिलिअँपिअर. पहिल्याला व्होल्टेज हवं, दुसऱ्याला करंट. म्हणूनच एकाला छान चालवणारा अ‍ॅम्प दुसऱ्यापाशी धापा टाकतो.

जाहिरातीतला पॉवरचा आकडा किती ओमला दिला आहे, ते आधी शोधा. '३२ ओमला ५०० मिलिवॉट' म्हणजे ४ व्होल्ट. तेवढं व्होल्टेज ३०० ओमला नक्की मिळेल, म्हणजे निदान ५३ मिलिवॉट, आणि वरच्या पहिल्या हेडफोनला ते भरपूर झालं. उलटं गणित मात्र चालत नाही. ३०० ओमला दिलेल्या आकड्यावरून ३२ ओमचा अंदाज बांधू नका, कारण तिथे करंटची मर्यादा आडवी येते.

अ‍ॅपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा तुकडा, आतच डॅक-अ‍ॅम्प) १ व्होल्ट देतो (युरोपसाठीचा अर्धाच). साध्या इअरफोनना आणि सोप्या ३२ ओमच्या हेडफोनना तेवढं पुरतं. त्यांच्यासाठी मोठा डबा घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं, ते हेडफोनवर खर्च करा. फक्त हा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनना लावला की आवाज बराच कमी येतो, कारण डोंगलचा आतला व्हॉल्यूम फोन पूर्ण उघडत नाही. यूएसबीशी थेट बोलणारं प्लेअर अ‍ॅप वापरलं तर ही अडचण सुटते, पण त्या अ‍ॅपपुरतीच.

संवेदनशील इअरफोनचं दुखणं वेगळं. १६ ओम आणि मिलिवॉटला ११० डेसिबल असेल तर ११० डेसिबलला ०.१३ व्होल्टसुद्धा पुरतात. इथे ताकद नको, शांतता हवी. अ‍ॅम्पचा नॉइज १० मायक्रोव्होल्ट असेल तर कानाशी २८ डेसिबलची 'स्स्स' येते, आणि शांत खोलीत ती ऐकू येते. २ मायक्रोव्होल्ट असेल तर १४ डेसिबल, म्हणजे पत्ताही लागत नाही. शिवाय अ‍ॅम्पचा स्वतःचा, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स १ ओमच्या आसपास किंवा त्याखाली असावा. अनेक ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) असलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स स्वरागणिक बदलतो. तो ८ ते ४० ओममध्ये फिरत असेल आणि अ‍ॅम्पचा १० ओम असेल, तर काही स्वर इतरांपेक्षा ५ डेसिबलने दबतात. १ ओमला हाच फरक ०.८ वर येतो.

डॅकबद्दल फार डोकं लावू नका. १६ बिटमध्ये सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलची जागा असते, आणि आजचे नीट बनवलेले स्वस्त डॅकही कानाच्या पलीकडे गेले आहेत. ७६८ किलोहर्ट्झच्या शिक्क्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. त्यापेक्षा विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीआधीचा संगणक असेल तर यूएसबी ऑडिओ २.० (यूएसबीवरून आवाज पाठवायची पद्धत) साठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे संगणकात घालायचं सॉफ्टवेअर, लागेल, हे बघा. कॉलसाठी माइक हवा असेल तर चार पट्ट्यांच्या जॅकला साथ आहे का, तेही तपासा.

४.४ मिमी बॅलन्स्ड जॅकवर (यात दोन्ही कानांच्या उणे तारा वेगळ्या असतात) व्होल्टेज दुपटीपर्यंत मिळू शकतं, तेवढाच त्याचा खरा फायदा. त्या जॅकला साधा ३.५ मिमीचा हेडफोन अडॅप्टरने कधीही लावू नका: दोन्ही बाजूंच्या उणे तारा एकत्र जोडल्या जातात आणि अ‍ॅम्प जळू शकतो.

लॅपटॉप चार्जिंगला आणि अ‍ॅम्पला स्वतःचा अडॅप्टर, अशा जोडणीत घूंऽऽ असा आवाज आला तर चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन यंत्रांच्या ग्राउंडमधून फिरणाऱ्या करंटचा. यूएसबीवरच चालणारा एकत्रित डॅक-अ‍ॅम्प घेतला किंवा डॅकपर्यंत ऑप्टिकल (प्रकाशाने संकेत नेणारी) केबल नेली की तो जातो.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत आहे तोवर, हे करा. गेन (संकेत किती पट वाढवायचा ती कळ) 'लो'वर, संगणकाचा व्हॉल्यूम पूर्ण, आणि आवाज अ‍ॅम्पच्या बटणाने वाढवा. अगदी खालच्या टप्प्यात एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा वाजत असेल तर तो स्वस्त पोटेंशिओमीटरचा (आवाजाच्या बटणाच्या आतल्या भागाचा) दोष; रोजचा तुमचा आवाज त्याच टप्प्यात येत असेल तर यंत्र बदलून घ्या. दोन यंत्रांची तुलना करायची असेल तर स्प्लिटरने हेडफोन जोडलेला ठेवून ५० हर्ट्झचा स्वर वाजवा आणि दोन्हींचं व्होल्टेज १ टक्क्याच्या आत जुळवा. मल्टिमीटरला एसी २ व्होल्टची रेंज हवी. २०० व्होल्टपासून सुरू होणारा मीटर इथे निरुपयोगी. जुळवणी न करता ऐकलं तर जरा मोठ्याने वाजणारं यंत्रच चांगलं वाटतं.